चौदा लग्नांतला तुमचा आवाज

आप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि गेले आठ दिवस मी रोज तुमच्याशी भांडतेय. आई आता माझ्याकडंच असते; तिचा डावा कान गेलाय, उजवाही चाललाय. डॉक्टरांकडून आल्या आल्या म्हणाली, "पार बहिरी व्हायच्या आदी त्यांचा आवाज एकदा ऐकव गं." आता आली का पंचाईत! सिरसाळ्याची निम्मी लग्नं तुम्ही शूट केलीत, पण स्वतः एकाही कॅसेटमध्ये दिसत नाही. कॅमेऱ्यामागून ओरडता, तेवढेच ऐकू येता. मग काय, माहेरी जाऊन घरोघर फिरले. लोकांच्या कपाटांतून चौदा लग्नांच्या कॅसेटी मागून आणल्या, कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि इथं आष्टीला माझ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत, तुमचा आवाज जोडायला बसले.

सगळं जोडून एक फिल्म करायला लावली की मशीन अर्ध्यात थांबायचं. मेमरी अपुरी! हार मानायला मी काय दुसऱ्याची लेक हाय? बाकीचे प्रोग्राम बंद केले, डिस्क रिकामी केली, रॅम वाढवून आणली. तरी गाडी तिथंच अडायची. दुकानदार म्हणाला, ताई, नवा लॅपटॉप घ्या. म्हटलं, चल, हट! मग तुमचं दुकान आठवलं. मी सातवीत असेन. दोन व्हीसीआर शेजारी मांडलेत, तुम्ही स्टुलावर बसलात, आणि मी वरातीतलं काहीसुद्धा कापू देत नाहीये. तुम्ही खेकसता, "अगं, समदंच ठेवायचं तर मिक्सिंग कशाला करायचं? लागंल तेवढंच घे!" तेव्हा मी लई रडले होते. आता टाइमलाइन, म्हणजे स्क्रीनवरची जोडणीची पट्टी, उघडून बघते तर काय, तुमच्या दोन-दोन वाक्यांसाठी मी चौदाच्या चौदा लग्नं, हळदीपासून पाठवणीपर्यंत, अख्खी अंथरून ठेवलेली! मशीन बिचारं काय करणार? तुमचं एकेक वाक्य कापून छोटी फाईल केली, नव्या प्रोजेक्टात तेवढ्याच घेतल्या. एका दमात फिल्म झाली. शिट्टी मारावीशी वाटली मला.

काल दुपारी आईच्या उजव्या कानाला हेडफोन लावला. "नवरी, जरा वर बगा." "मामा, फुडं या की." "लाईट नीट धर बे!" आई हसत होती, डोळे पुसत होती. संपल्यावर तिनं हेडफोन काढला आणि विचारलं, "माझ्या बहिणीच्या लग्नातलं कुठं हाय? 'अगं, बाजूला हो, मदी मदी येतीस,' म्हणले होते ते?"

ते मी ऐकलं होतं, आप्पा, आणि मुद्दाम घेतलं नव्हतं. भर मांडवात तुम्ही तिच्यावर डाफरलात, ते तिला परत कशाला ऐकवायचं, असं वाटलं मला. आई म्हणाली, "बाकी समदं लोकांला बोललेत. तेवढंच मला बोलले होते."

"मशीनची मेमरी कमी पडली गं," मी म्हटलं.

आज सकाळी तो तुकडा जोडला. दुपारपासून आई तेवढाच लावून बसलीय. मघाशी मला म्हणाली, "झालं का मशीन नीट?" मी हो म्हटलं. मशीन परवाच नीट झालं होतं, हे तिला सांगायची हिंमत अजून झालेली नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काही तिला सांगायला येणार नाही.