भरल्या गाडीला शिवी नाही

बाबा,

तू गेलास तेव्हा तुझ्या मोबाइलवर एकच खेळ होता. साप लांब लांब होत जायचा आणि शेवटी स्वतःच्याच अंगावर आपटून मरायचा. जेटीवर माल उतरवायला ट्रक लाइनीत लावला की तू तो खेळायचास, आणि साप मेला की त्यालाही एक शिवी मिळायची. म्हणून मी आता काय काम करते ते तुला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण चारदा सुरुवात केली आणि चारदा खोडली. आता सरळच सांगते. मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर हल्ली अख्ख्या गोष्टी खेळता येतात. त्यातली माणसं चालतात, बोलतात, भांडतात, आणि पुढे काय करायचं ते खेळणारा ठरवतो. त्या माणसांच्या तोंडी काय घालायचं ते मी लिहिते. रोज सकाळी स्कूटर काढून सर्वणहून तुयेला जाते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके करणारा एक कारखाना आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही सातजण बसतो. आई शेजारणींना सांगते की मुलगी कारखान्यात आहे. मीही ते दुरुस्त करत नाही.

दोन वर्षं आम्ही जो खेळ करत होतो त्यात खेळणारा खाणीवरचा ट्रक चालवतो. वर खाण, खाली नदी, नदीत माल नेणारी बार्ज उभी, आणि मधे आपला तो उतार. खाणी बंद पडलेल्या तू पाहिल्या नाहीस ते एका अर्थी बरं झालं. आता डिचोलीतल्या लहान मुलांना लाल धुळीने माखलेली झाडं बघायला मिळाली तर खेळातच मिळतील. गाडी, रस्ता, धूळ, सगळं आमच्या चित्रकाराने हुबेहूब काढलं. अडलं ते माझ्यापाशी येऊन. ड्रायव्हर बोलायला लागले आणि कुणाच्या पचनी पडेनात. पहिल्या खर्ड्यात मी त्यांना सभ्य केलं होतं. लाइन मोडून पुढे घुसणाऱ्याला माझा ड्रायव्हर म्हणायचा, "अरे मूर्खा, तुला काही कळतं का?" चित्रकार ते ऐकून खुर्चीवरून पडायच्या बेतात आला. "हो ड्रायव्हर आसा काय कीर्तनकार?" असं म्हणाला. मला राग आला, आणि दुसऱ्या खर्ड्यात मी दर वाक्याला एक शिवी घातली. तुझ्या आणि तुझ्या दोस्तांच्या तोंडच्या जेवढ्या आठवल्या तेवढ्या सगळ्या ओतल्या. ते वाचताना तर मलाच कंटाळा आला. भाजीत मीठ नाही म्हणून कुणी अख्खी बरणी उपडी करावी, तसं झालं होतं.

आमची मालकीण पेडण्याची. तिला नऊ वर्षांचा मुलगा आहे. ती कधी आवाज चढवत नाही, म्हणून तिचं बोलणं टाळता येत नाही. तिने दोन्ही खर्डे वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "पोरां आमच्या खेळातसून शिवये शिकतली, तेचां काय?" चित्रकार तावातावाने बोलायला लागला. खेळ मोठ्यांसाठी आहे, वर तसं लिहिणार आहोत, खरं दाखवायचं तर खरं दाखवा. ती म्हणाली की वर लिहिलेलं वाचून कुठलं पोर मागे फिरतं? दोघं मग माझ्याकडे बघायला लागले, कारण लिहिणारी मी. मी दोन्ही खर्डे पिशवीत घालून घरी आणले, बाबा. मतं माझ्याकडेही होती. पण तिचं ते वाक्य मी आपल्या घरात ऐकलेलं होतं, फक्त तेव्हा खेळाच्या जागी ट्रक होता.

शाळेला सुटी पडली की तू मला गाडीत घ्यायचास. मी आठ-नऊ वर्षांची. उशी घातल्याशिवाय मला काचेतून रस्ता दिसत नसे, म्हणून तू आईची जुनी साडी घडी करून सीटवर ठेवली होतीस. जेटीवर माल उतरवून गाडी रिकामी वर निघाली की तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. खड्डा, क्लच, समोरचा, मागचा, ऊन, कुणी सुटत नसे. पण आधी तू मला बजावायचास, "कान धर गो चेडवा." मी दोन्ही तळवे कानांवर ठेवायची, बोटं मात्र थोडी फाकलेली असायची, आणि तुला ते दिसायचं. तुझी एकेक शिवी एका शब्दाची, फार तर दीड, की झालं. मग वर गाडी भरायची, मातीचा ढीग ताडपत्रीखाली जायचा आणि तू एकदम दुसराच माणूस व्हायचास. उताराला लागल्यावर समोर कुणी आडवी गाडी घातली तरी तू नुसता हॉर्न द्यायचास. मी एकदा विचारलं की आता शिवी का नाही देत? तू रस्त्यावरची नजर न काढता म्हणालास, "भरल्या गाडयेक शिवी घालूची नाय. ती आयकता." रिकामी बहिरी असते, भरलेली ऐकते. लाइनीतले सगळेच ड्रायव्हर हे पाळायचे. तो उतार उतरेपर्यंत अख्ख्या रांगेत कुणी तोंड उघडत नसे, आणि खाली नदी दिसली की मीही इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडायची.

आणि मग ती गणपतीची चवथ. पाहुण्यांनी घर भरलेलं, दुपारची पंगत बसलेली, आत्या, तिचे यजमान, तिची मुलं. आतेभावाने माझ्या पानातली गोड सारणाची नेवरी उचलली. मी त्याला जी शिवी हासडली ती त्याच्या आईपासून निघाली, वाटेत त्याच्या आजोबांना भेटली आणि त्याच्या तिरडीवर जाऊन थांबली. ती इथे लिहीत नाही. खेळात लिहिताना हात अडला नाही, पण तुला लिहिताना अडतो. अख्खी पंगत थिजली. आत्याचा भाताचा हात तसाच ताटात. आई वरणाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने माझ्याकडे बघितलंही नाही, ती तुझ्याकडे वळली. "ट्रकात घालून फिरवल्यात ना चेडवाक! आयका आता. भरा कान!" सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू पानाकडे बघत म्हणालास, "माजांच चुकलां. आता ट्रकात नेवचंय नाय." आत्याने मान हलवली, कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हरचं घर, चालायचंच. मला विहिरीवर नेऊन मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या. दुसऱ्या दिवसापासून तू एकटाच गेलास, आणि पुन्हा कधीच मला घेऊन गेला नाहीस.

आता खरं सांगते. ती शिवी मी ट्रकात शिकले नव्हते. आपल्या परसात माकडं यायची, नारळ पाडायची, केळीचे घड ओरबाडायची, आणि आई हातात काठी घेऊन, आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांना जी द्यायची ती ही. मी केळीमागे उभी राहून ऐकली होती, एकदा नाही, दहादा. पंगतीत मला ते सांगता आलं असतं. मी बोलले नाही. आईची भीती वाटली, शिवाय ती इतक्या माणसांसमोर कशी उभी राहील ते मनात आलं, आणि तोवर तू कबूल होऊन गेला होतास. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्यासी आपणहून पुढे आला होता. माझ्या तोंडामुळे तुझी मान खाली गेली आणि माझ्या गप्प बसण्यामुळे ती खालीच राहिली, असं मी पुढे कायम धरून चालले. तू आजारी होतास तेव्हा सांगायचं होतं. दवाखान्यात तुझ्या खाटेशी तीन दुपारी बसले होते. तिन्ही दुपारी आपण पावसावर बोललो.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. मी दोन्ही खर्डे घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. लिहिलेलं मोठ्याने वाचल्याशिवाय मला कळत नाही. पोदेर पाव देऊन गेला होता, गरम उंडे टोपलीत झाकलेले, आणि आई विळीवर बांगडे साफ करत होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं, असा माझा समज. मी सभ्य खर्डा वाचला, मग घाण खर्डा वाचला. तिने बांगड्याचं डोकं बाजूला टाकलं आणि म्हणाली, "पयली शाळेतली. ही दुसरी बाजारातली. घरातली खंय आसा?"

ती पुढचा बांगडा घेऊन म्हणाली, "शिवयेक मीठ लागता गो. माकडांक मी घालय ती घाल. तुका येता. चवथीक सगळ्यांक आयकवलंस मगे!"

बाबा, मी कागद खाली ठेवले. मी विचारलं, तुला माहीत होतं? "माजीच शिवी माका वळखूची नाय?" ती म्हणाली. "तोंडातसून भायर पडली तशी वळखली. म्हणान तर इतक्या मोठ्यान ह्यांच्यार घातली." मग विळीवरून न उठता तिने मला बाकीचं सांगितलं. त्याच सांजेला पाहुणे गेल्यावर तू तिला म्हणाला होतास, "इतकी लांब शिवी माका खंय येता? गियर बदलीसर माजी संपता." आणि दोघं म्हणे हसून हसून पडवीत बसलात. तू तिला म्हणालास, पाहुण्यांच्या म्होरे तुजां नाव नको, माज्या नावार एक चडली म्हणान काय मी बुडतंय?

मला हसावं की रडावं कळेना. मग मी ते विचारलं ज्यासाठी तीस वर्षं थांबले होते. मग मला गाडीतून न्यायचं का बंद केलं? आईचा हात थांबला. "ता शिवयेसाठी नाय गो," ती म्हणाली. "चवथीच्या आधी उतारार एक गाडी पलटी झाली होती. ह्यांच्या म्होरली. तुका बाजूक बसवन थंय उतरूचा तेंका भियां वाटाक लागलां. तुका कशां सांगतले? तू रडान घर डोक्यार घेतलं असतंस. ता कारण आयतां गावलां."

तीस वर्षं मी ज्याला शिक्षा समजत होते ती शिक्षा नव्हतीच. तू मला जपत होतास, आणि मला कळू नये म्हणून चारचौघांत वाईट बाप झालास. मी परसात जाऊन खूप रडले, आणि ते रडणं इतकं हलकं होतं की मधेच हसू यायचं. आई आतून ओरडली की माकडं आलीत का.

दुसऱ्या दिवशी तुयेला जाऊन मी मालकिणीला सगळं सांगितलं, चवथीच्या पंगतीसकट. म्हटलं, पोरं शिव्या शिकतात, ते खरंच आहे. पण कुठून शिकतात ते आपण दरवेळी ट्रककडे बोट दाखवून ठरवतो. आपल्या खेळातून एकही शिकणार नाही असं मी म्हणत नाही. शिवी कुठे थांबवायची तेही खेळातून शिकता येईल, एवढंच म्हणते. मग मी तिसरा खर्डा ठेवला. त्यात गाडी रिकामी असली की माणसं मोकळ्या तोंडाने बोलतात, खेळतात, एकमेकांच्या आया-बहिणी काढतात आणि त्याच हाताने एकमेकांना विडी देतात. गाडी भरली की शिव्या बंद. आम्ही खेळणाऱ्याला हे कुठेही सांगत नाही. मालकिणीने स्वतः गाडी चालवून बघितली. रिकामी वर नेताना ती दोनदा तोंडावर हात ठेवून हसली. भरून उताराला लागली आणि आजूबाजूचे सगळे ड्रायव्हर गप्प झाले, तशी ती पुढे वाकली. नुसतं इंजिन आणि ब्रेकचा आवाज. खाली पोचल्यावर तिने चष्मा काढून पुसला. म्हणाली, शिव्या नसत्या तर ही शांतता मला ऐकूच आली नसती. तिची एक अट मात्र तिने सोडली नाही. ज्याला नकोत त्याला शिव्या बंद करता येतील अशी सोय आम्ही ठेवली, आणि तिच्या मुलाला अजून पाच वर्षं हा खेळ मिळणार नाही. मला ते पटलं. तू तरी मला कान धरायला सांगायचास की.

खेळ आता तयार आहे, पुढच्या आठवड्यात बाहेर येईल. मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपते. हे पत्र कॉम्प्युटरवरच राहील. आईला वाचून दाखवलं तर ती त्यात चुका काढेल.

एक मात्र तुला सांगायला हवं. खेळात एक बाई आहे. वाटेवर तिचं परस आहे आणि ती काठीने माकडं हाकलते. आईची ती लांब शिवी मी तिच्याच तोंडी लिहिली होती. तशीच्या तशी, तिरडीपर्यंत. छान बसली होती. मग मनात आलं, आत्या अजून आहे, तिचा नातू हे खेळ खेळतो, तो तिला ऐकवणार, आणि ती बाई कोण ते आत्या एका दमात ओळखणार. काल संध्याकाळी, शेवटच्या क्षणी, मी ती शिवी तिथून काढली. आता ती बाई खोटी वाटते असं आमची माणसं म्हणतात, पण ती माकडांना नुसतं "हाड" म्हणते. आणि तिच्या कुंपणाशी एका ड्रायव्हरची रिकामी गाडी बंद पडते, गियर बदलायची घाई नसते, तेव्हा तो खाली उतरून ती अख्खी शिवी देतो. त्या ड्रायव्हरचा आवाज तुझ्यासारखा आहे. पुन्हा तुझ्याच नावावर घातली, बाबा.