तराजूत बसलेली सुरी

अण्णा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी किमतीवरून मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. आता तुम्ही उलटून बोलत नाही, एवढाच फरक.

गंगेवरच्या, म्हणजे आपल्या नदीकाठच्या, बुधवारच्या बाजारात तुम्ही पोत्यावर सुऱ्या-विळे मांडायचात आणि शेजारी तराजू. लोखंड किलोवर आणायचं, तर वस्तूही किलोवरच द्यायची, हा तुमच्या वडिलांचा नेम. पहारी-कुऱ्हाडींना तो ठीक असेल. पण सुरी जितकी चांगली, तितकी पातळ, आणि पातळ म्हणजे हलकी. दोन दिवस ठोकून-घासून केलेली सुरी ओबडधोबड सुरीपेक्षा स्वस्त जायची. हे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच राग येतो.

मी सातवीत आहे. तुम्ही चहाला गेलात. वणीकडची एक बाई तुमची पातळ सुरी निरखते आहे. तराजूला हात न लावता मी दुप्पट किंमत सांगते आणि ती कुरकुर न करता देते. तेवढ्यात तुम्ही येता, तिला हाक मारून निम्मे पैसे परत करता आणि सगळ्यांदेखत मला म्हणता, "पैसं लोखंडाचं घ्यायचं, पोरी. हात देवानं फुकट दिलेत."

तुम्हाला दिले असतील. घण आई मारायची. तुम्ही बसून सांडशीत लाल लोखंड फिरवायचात आणि ती उभ्याने घण घालायची, धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यातसुद्धा. शेवटी तिचा हात खांद्याच्या वर जाईना, तिची वेणी मी घालायचे. एकदाच, चुलीशी बसून, तिने विचारलं होतं, "माझा घण तराजूत कुठं बसतो हो?" तुम्ही भाकरी मोडत राहिलात. त्या गप्प बसण्याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही.

आता मी सुरीच्या किमतीत दिवस धरते. माझे, घण मारायला येणाऱ्या बाईचे, आणि ठोकताना तडकून वाया गेलेल्या पात्यांचेसुद्धा. फोटो फोनवर टाकते, पुण्या-मुंबईचे लोक मागवतात. घासाघीस करणाऱ्याला सरळ नाही म्हणते. तुमचा तराजू मी भंगारात दिला. भंगारवाल्यानेही तो वजनावरच घेतला.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका हॉटेलातला आचारी आला. माझ्या दहा सुऱ्या हाताळल्या, एकही पसंत पडेना. मग त्याला भिंतीवरची सुरी दिसली. तुमची, शेवटची राहिलेली. अंगठ्याने धार बघून म्हणाला, "ताई, हे खरं तुमचं काम. बाकीच्या घाईत केल्यात का?"

मी आजवरची सगळ्यात मोठी किंमत सांगितली. त्याने लगेच दिली. मी आत गेले, मुठीवर माझा शिक्का डागला आणि सुरी कागदात गुंडाळून आणून दिली.

हे पत्र कुठे धाडू? भिंतीवरचा तो खिळा रिकामा आहे, तिथेच अडकवते. आईवडिलांनी केली आहे असं सांगितलं असतं, तरी त्याने तेवढेच पैसे दिले असते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुमचं नाव मी मुद्दाम गिळलं, अण्णा. आणि ते गिळताना आईचा घण मीही हिशेबात कुठेच धरला नाही.