तिसऱ्या हाकेला ओ

१२ जानेवारी

पोचले बाई एकदाची जुईनगरला! एसटीनं हायवेलाच उतरवलं, तर मोनाली रिक्षा थांबवून उभीच होती. दारात लेकीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि स्वतःच हसत सुटली, म्हणाली, सासूबाई आल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, सासू असते तर तुझा हा ओटा बघून आल्या पावली माघारी गेले असते.

घर एवढंसं, पण उजेडाचं. एक खोली, स्वयंपाकघर, मोरी. मालक देवजीशेठ खालच्या मजल्यावर राहतात, इथल्याच जुन्या गावठाणातले. आवाज असा, की खाडीपलीकडं ऐकू जावा. जिन्यातूनच ओरडले, "सातारकरीन बाय, काय लागला त हाक मारा, मी खालीच हाय!" त्यांची बायको पुतळाबाय सुक्या बोंबलाची चटणी देऊन गेली. माणसं जिवाची वाटली.

गिझर तेवढा वाईट. चालू असताना नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. देवजीशेठ म्हणाले, वायरमन आनतो. बटण बाहेर, माझ्या कॉटच्या उशाशी आहे. सकाळी मोनालीची घाई असते, पाणी तापेपर्यंत ती मोरीचं दार लावून आतच दात घासते. म्हणून तिनं पद्धत बसवली, की ती आतून हाक मारणार, मी बटण बंद करून ओ देणार, मगच ती नळाला हात लावणार.

आता ओ देण्याचंही आमचं एक शास्त्र आहे. आमच्याकडं पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. मेलेलं माणूस एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक जित्या माणसाचीच. मी दोन्ही पोरांना असंच वाढवलं. मोनालीला कुठला आलाय दम! ती लहानपणापासून एका श्वासात "आईआईआई" म्हणते, वर म्हणते, झाल्या तीन, दे ओ.

अंगणवाडीत इतकी वर्षं रोजची नोंद लिहिली, ती खोड रिटायर झाल्यावरही जात नाही. म्हणून ही वही.

१६ जानेवारी

आज मोनालीच्या दवाखान्यात गेले. वाशीला कानाच्या डॉक्टरांकडं ती रिसेप्शनला असते. माझा थोरला, यशराज, गेल्यापासून माझ्या कानात रातकिडे ओरडतात. चार माणसं एकदम बोलली, की मला नुसता कालवा ऐकू येतो. त्यावर तिथं नवा प्रयोग चाललाय.

निशिगंधा मॅडम म्हणून डॉक्टर आहेत, पोरगीच आहे. तिनं समजावून सांगितलं, की ना सुई, ना कापाकापी. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक कानाच्या वर, एक कपाळावर, पट्ट्यानं बांधायचे आणि अगदी हलका करंट सोडायचा. बिघाड कानात नसतो म्हणे, मेंदूच्या ऐकण्यात असतो. तिथं थोडं जागं केलं तर गोंगाटातून नेमका आवाज निवडता येतो. मी विचारलं, मला शॉक बसून माझे केस उभे राहणार का? ती इतकी हसली की बिचारीचा चष्मा पडला.

मुंग्या आल्या, गिझरसारख्याच. मग परीक्षा घेतली. हेडफोनमध्ये बाजारातला गोंधळ आणि त्यात कुणीतरी हळूच शब्द बोलतं, ते सांगायचे. करंट नसताना एक धड सांगता आला नाही. पट्टा बांधल्यावर गोंधळ मागं सरला आणि शब्द असे पुढं आले, जसे धुतलेले तांदूळ. चमचा. पाटी. आंबा. सगळे सांगितले. मोनाली काचेपलीकडून टाळ्या वाजवत होती.

२१ जानेवारी

आता मशीन घरीच दिलंय. सकाळी एकदाच लावायचं, एकदाच, हे निशिगंधा मॅडमनं बोट नाचवून सांगितलं. रातकिडे गप्प झालेत. खालच्या गल्लीतला कोळणीचा भाव मला वरून कळतो. मोनाली म्हणते, आई आता गल्लीतलं सगळं गॉसिप तुझ्याकडं. कितीतरी दिवसांनी बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

२७ जानेवारी

मोनाली यायच्या आत लिहून काढते.

मशीन लावून तांदूळ निवडत होते. गल्लीतला आवाज मागं गेला, मग पंख्याचा, मग माझ्या श्वासाचाही. आणि त्या सगळ्याच्या मागून हाक आली. "आई." यशराजची.

माझा लेक माथाडी होता. दोन वर्षांपूर्वी बटाट्याच्या गोण्यांची थप्पी घसरून अंगावर आली. बरोबरचे सांगतात, त्यानं हाक मारलीही असेल, पण त्या कालव्यात कुणाला ऐकू आलं नाही. हे वाक्य मी दोन वर्षं गिळतेय. कुणाला ऐकू आलं नाही.

मला आज ऐकू आलं. मी ओ दिली नाही. एकदाच होती. तोंडावर हात दाबून बसले आणि तांदूळ सगळे सांडले.

३१ जानेवारी

रोज येते. दमलेली हाक, जड काहीतरी छातीवर असल्यासारखी. एकदाच. मी मनात म्हणते, बाळा, अजून दोनदा मार, मग आईनं ओ दिलीच म्हणून समज. तिसरी आली तर तो जिता, मग मला कुणाची भीती नाही.

मोनालीला सांगितलं. ती माझ्याजवळ बसून रडली. म्हणाली, मला पण दादा पाहिजे गं, पण हे तुझं मन आहे, मेंदूला करंट दिला की असं होत असेल. उद्याच मॅडमना विचारते म्हणाली. मी तिला गळ घातली, विचारू नकोस, मशीन काढून नेतील.

आता दुपारीही लावते. करंट एक घर वाढवला.

४ फेब्रुवारी

दोनदा! आज दोनदा हाक मारली त्यानं!

पण एक सांगायचं राहिलं. मोनालीचा आवाज बारीक झालाय. समोर उभी राहून बोलते तेव्हा ओठ दिसतात, आवाज लांबून येतो, भिंतीपलीकडून आल्यासारखा. गल्ली तर गपच. कुकरच्या शिट्ट्या कळल्या नाहीत, डाळ करपली. गिझरचं बटण सध्या मोनालीच बंद करून आत जाते. तिचे डोळे मला दिसतात की.

९ फेब्रुवारी

सकाळपासून कानात काहीच नाही. जिता आवाज एकही नाही. आणि एकदम जिन्यातून देवजीशेठ, खणखणीत. "सातारकरीन बाय!" मशीन लावलेलंही नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं, वाटलं कान परत आले. पण सवयीनं थांबले. पुढची हाक आलीच नाही.

खिडकीतून खाली बघितलं. अंगणात माणसं जमलेली. पुतळाबाय मोकळ्या केसांनी उंबऱ्यात बसली होती, तोंड उघडं, ऊर बडवत होती. तिचा टाहो मला ऐकू आला नाही.

देवजीशेठ पहाटेच गेले होते.

१० फेब्रुवारी

कळलं मला. मला आता फक्त गेलेलेच ऐकू येतात.

मोनालीनं कागदावर लिहून विनवलं, आई, मशीन बंद कर, मला एकटीला टाकून तू दादाकडं चाललीयस. ते वाचून काळीज तुटलं. किती दिवस त्या पोरीकडं नीट बघितलं नव्हतं मी. तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मशीन तिनं कपाटावर टाकलं.

१५ फेब्रुवारी

मोनालीचा आवाज परत आला! लांबून, पण आला. आज तिनं स्वयंपाकघरातून मुद्दाम हाक मारली, आईआईआई, आणि मी ओ दिली. येऊन गळ्यात पडली वेडी. म्हणाली, उद्यापासून आपली गिझरची पद्धत परत चालू, आईसाहेब. वायरमन मात्र राहिलाच. देवजीशेठच्या घरी सुतक, कुणाला विचारायचं?

यशराज गप्प आहे. रातकिडे परत आले. त्यांच्यामागं तो असेल. गोणीखाली. हाक मारत असेल, आणि पुन्हा कुणाला ऐकू —

१८ फेब्रुवारी

शपथ मोडली. ती कामावर गेल्यावर. एकदाच.

दोनदा म्हणाला. तिसरीला दम पुरला नाही त्याला. आलीच होती. जिभेवर होती त्याच्या.

मोनाली संध्याकाळी काहीतरी सांगत होती. ओठ बघून हो हो म्हटलं. तिला कळलं नाही. वाटलं तिला, मी ऐकतेय. देवा —

१९ फेब्रुवारी, सकाळ

मोनाली आत गेली. पाणी तापेपर्यंत वेळ आहे. पट्टा बांधलाय. करंट शेवटच्या घरावर. वही मांडीवर आहे.

मुंग्या. डोळ्यांतसुद्धा.

आई.

आई.

थांब बाळा, घाई नको, मी इथंच —

आई.

तीन! तीन झाल्या! मी ओ दिली. मोठ्यानं, गच्ची ऐकेल एवढ्यानं. ओ रे माझ्या राजा, ओ, ओ —

१९

गिझरच्या बटणाचा लाल दिवा चालूच होता.

तिनं हाक मारली असणार. आईआईआई. माझी ओ तिनं ऐकली. तिला वाटलं, तिलाच दिली. वाटलं, बटण बंद —

बंद केलं मी नंतर. दारावर बुक्क्या मारल्या. बुक्क्यांचा आवाज नाही. खालची पोरं दार तोडतायत, आवाज नाही. पुतळाबायनं मला कॉटवर धरून बसवलंय, तिचे ओठ हलतायत.

दाराखालून पाणी येतंय. गप.

नको. काही ऐकू येऊ देऊ नको, देवा. आज काहीच ऐकू येऊ दे—

आई.

मोनालीचा आवाज. स्वच्छ. कानाशी.

एकदाच.

मोने, तू एकदा कधीच मारत नाहीस गं. तू एका दमात मारतेस. दादानं मारल्या तीन, तू पण मार. आई ऐकतेय. आई लगेच ओ देते, बघ. अजून दोनदा म्हण गं पोरी, फक्त दो—