दाबून चार मापटी

माय, आज वेळा अमावस्या, येळवशीची सकाळ आहे. पाच वाजून गेलेत आणि मी चुलीपुढं तुझं पितळी मापटं आणि वजनकाटा घेऊन बसलो आहे. तू गेल्यापासून या सणाला आपल्या घरून शेतात दाण्यापाल्याची भज्जी गेलेली नाही. स्वतःच्या आजारपणानंतर तर अण्णा दोन घास खाऊन ताट सरकवतात. परवा मात्र आपणहून म्हणाले, "औंदा तुझ्या मायवानी भज्जी कर, खातो."

तुझं प्रमाण मला पाठ आहे. तुरीचे हिरवे दाणे एक मापटं, चिरलेला पाला चार मापटी. ते ग्रॅममध्ये उतरवून ठेवायचं असं मी ठरवलं, म्हणजे एकदा जमलं की दरवर्षी तसंच होईल. मापटंभर दाणे तोलले, त्याची चौपट केली आणि काल गंगाखेडच्या बाजारातून तेवढ्या वजनाची मेथी आणि चुका आणला. पोतं ओसरीवर टेकवलं तसे अण्णा म्हणाले, "आरं, बैलं तर आपण कवाच इकली की!"

दाणा मापट्यात जड बसतो, पाल्यात निम्मी हवाच असते, हे मला पोतं उपसताना कळलं. मग चिरलेली मेथीच मापट्यात भरून तोलायला लागलो. सैल भरली की एक आकडा, वाटीच्या बुडानं जरा दाबली की जवळजवळ दुप्पट, आणखी दाबली की त्याहून वेगळा. यातला तुझा कोणता?

आठवतं, मी सातवीत आहे. तू पाला मापट्यात टाकतेस, वर तळहात ठेवून दाबतेस, पुन्हा टाकतेस. मी विचारतो, "किती ग्रॅम झालं गं?" तू मान वर न करता म्हणतेस, "सोनाराकडं कामाला जायलास का? दाबून चार मापटी. गुमान शेंगा सोल." मी गुमान शेंगा सोलतो. दहावी अर्धी राहिली त्या वर्षी तू गेलीस, आणि दाबून म्हणजे किती दाबून, हे विचारायचं राहिलं.

आत्ताच अण्णांना उठवून विचारलं.

"दाबायची म्हंजे दाबायची," ते म्हणाले.

"हलकी का जोरात?"

त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. "आता तिचा हात कुठून आणू तुला दावायला?"

पुढचं दुपारी लिहितो आहे. शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून जेवलो. तुझ्या भज्जीत अण्णा दरवेळी खोट काढायचे, चिंच जास्त नाहीतर मीठ कमी, आणि तू "उद्यापासून तुमीच रांधा" म्हणत आणखी एक पळी वाढायचीस. आज त्यांनी दोन घास खाल्ले, म्हणाले, "चांगली झाली हाय," आणि हात धुतला.

उरलेली भज्जी शेजारच्या पोरांनी संपवली.

हा कागद घडी करून तुझ्या मापट्यातच ठेवतो. शेवटी मी मधला आकडा धरून पाला तोलूनच टाकला होता. मापटं समोरच होतं, पण तू ठेवायचीस तिथं स्वतःचा तळहात ठेवायला मला भीती वाटली.