समोरच्या माडीवरच्या दोघी

ती. आईला लेकीचा नमस्कार,

इस्त्रीने भाजलेला हात आता बरा आहे, काळजी करू नकोस. तुझे डोळे कसे आहेत?

अगं, गंमत झाली! लाँड्रीत एक झगा आला. आतली शिवणसुद्धा इतकी देखणी, की मी गिऱ्हाइकाला विचारलंच. समोरच्याच माडीवर दोघी बहिणी स्वतःच्या डोक्याने कपडे बेततात! जेवणाच्या सुट्टीत धावत गेले. एका कोटाची बाही खांद्यात ओढत होती. न राहवून बोलले, तर थोरलीने कात्रीच हातात दिली. "मग तू बेत."

तू शिकवलंस तशीच बेतली. बाही अशी काय बसली म्हणून सांगू! सोमवारपासून अर्धा दिवस मी त्यांच्याकडे.

कोटाच्या आत बेतणाऱ्याचं नाव शिवतात त्या दोघी. मी तुझं सांगितलं.

तुझीच,
धाकटी