साबण झोंबतो

४ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून शिस्त. बाबांना उठल्यावर मिसो सूप, मग अंगणातला बर्फ उपसणं, मग सुडोकू. विसरभोळेपणा म्हणजे मेंदूचा आळस, दुसरं काय! उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत करतो. ऑफिसातून रजा घेतलीच आहे. मित्सुए ताई ओसाकाहून फोनवर म्हणाली, मदत माग रे, हट्टी कुठला. परकी माणसं कशाला? मुलगा आहे ना मी.

७ फेब्रुवारी
माझी चप्पल राइस कुकरमध्ये सापडली. बाबांची कल्पकता शाबूत आहे. संध्याकाळी न्हाणीघरात डोळ्यांत साबण गेला. बराच वेळ.

१२ फेब्रुवारी
रजा संपली. राजीनामा दिला. तात्पुरता. बाबा हल्ली मला 'अहो' म्हणतात. आदर वाढलाय.

१५ फेब्रुवारी, दुपार
बाबांनी दारातल्या बुटांवर लघवी केली. पुसत होतो तर म्हणाले, अहो, कोपरा राहिला. मी हात उगारला. मारला नाही. पण ते डोकं झाकून खाली बसले. माझे बाबा, मला घाबरून. मी असा नाही. साबण फार झोंबतो, बदलायला हवा.

१७ फेब्रुवारी
नगरपालिकेत अर्ज केला. ताईच्या समाधानासाठी. दिवसा सांभाळणारं केंद्र मिळेल, पण आधी त्यांची बाई येऊन बाबा किती आजारी ते बघणार. नाही मिळालं तर माझं काही खरं नाही. मिळेलच.

२३ फेब्रुवारी
उद्या बाई येणार. घर लख्ख घासलं. बाबांची दाढी केली, ठेवणीतला कोट बाहेर काढला. ताई फोनवर किंचाळली, अरे शहाण्या, आहे तसं दाखव! मी म्हणालो, निवृत्त हेडमास्तरांचं घर आहे हे, लोक काय म्हणतील? तिला काय कळतंय.

२४ फेब्रुवारी
ओनोदेरा बाई आल्या. बाबा गुडघे मोडून ताठ बसले. वाकून नमस्कार. तारीख, वार, सगळं अचूक. जेवण? स्वतः. कपडे? स्वतः. लघवी? बाबा म्हणाले, बाई, हे काय विचारणं झालं! मी म्हणालो, कधी कधी जरा... बाबांनी असं बघितलं की मी वर्गातल्यासारखा गप्प. बाई म्हणाल्या, आजोबा फारच छान आहेत हो. कागद मिटले. केंद्र गेलं.

उठता उठता बाईंनी विचारलं, काही अडचण? बाबा पुढे झुकले. म्हणाले, मला काही नको. पण इथे एक गृहस्थ राहतात. भले आहेत. रोज न्हाणीघरात रडतात. त्यांच्यासाठी कुणाला पाठवता येईल का?

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी साबणाचं सांगायला तोंड उघडलं आणि हुंदकाच फुटला. आवरेना.

बाबांनी कोटातला रुमाल काढून माझ्या हातात दिला. बाईंना म्हणाले, हेच ते.