उजवीकडचं कमी वाजतं

माय,

बोथ गावात बस स्टँडच्या रस्त्यावर माझं दुकान आहे, हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा माझी थोरली रांगत होती आणि तिच्या बापाचं त्या जागेत सायकल दुरुस्तीचं काम चालायचं. पुढे सायकली कमी होत गेल्या, तेव्हा तिथेच आम्ही मोबाइलचं सामान ठेवायला लागलो. आता तो बहुतेक वेळ शेतात असतो आणि दुकानात मी बसते. कव्हरं विकते, चार्जर विकते, फोनवर काच चिकटवून देते. पण सगळ्यांत जास्त खपतात ते इअरफोन. तुझ्या वेळी हे नव्हतं म्हणून सांगते. शेंगदाण्याएवढे दोन दाणे असतात, त्यांना बारीक वायर, वायरचं टोक फोनला जोडायचं आणि दाणे दोन्ही कानांत घालायचे. गाणं ज्याच्या कानात, त्यालाच ऐकू येतं. शेजारच्याला पत्ताही लागत नाही. कापूस वेचायच्या दिवसांत बायका माझ्याकडे येतात, भजन लावून कपाशीची एकेक ओळ धरतात आणि दिवस कसा गेला ते कळत नाही म्हणतात.

महागातला माल इथे कोणी घेत नाही, मी ठेवतही नाही. पण स्वस्तातल्या मालातलं मला कळतं, असं गावात सगळे म्हणतात आणि मलाही तसं वाटायचं. प्रत्येक पुडीत रबराच्या टोप्यांचे तीन जोड असतात, लहान, मधला आणि मोठा. दाण्यांवर मधला जोड चढवलेलाच असतो. लोक तो तसाच कानात कोंबतात, बाकीचे दोन जोड पुडीबरोबर फेकून देतात आणि दोन दिवसांनी येऊन तक्रार करतात, आवाज पत्र्यासारखा येतो, ढोलकी ऐकूच येत नाही, चालताना दाणा गळून पडतो. दोष बहुतेक वेळा मालाचा नसतो. टोपी कानाच्या मापाची नसली की फट राहते, आणि जाड आवाज सगळा त्या फटीतून निघून जातो, बारीक तेवढा मागे उरतो. मी त्यांना स्टुलावर बसवते, कानाची पाळी जरा वर ओढते आणि दाणा हलकेच फिरवत आत बसवते. नीट बसला की माणसाच्या चेहऱ्यावर कळतं. भुवया वर जातात. बाजारहत्नूरच्या एका बाईला डाव्या कानाला लहान टोपी लागली आणि उजव्याला मधली. ती घाबरून म्हणाली, माझे कान वायले वायले हायेत का वं. मी म्हटलं, पुष्कळांचे असतात, कोणी मोजून बघत नाही एवढंच.

विकण्याआधी प्रत्येक नग मी स्वतःच्या कानात घालून बघते. माझं एक ठरलेलं गाणं आहे, त्यात आधी नुसती बासरी आहे, मग ढोलकी येते, मग बाईचा आवाज. तिन्ही वेगळे ऐकू आले तर नग चांगला. मागच्या वेचणीच्या सुमारास एका डब्यातले सगळेच नग मला खराब वाटले. डावीकडे ठीक, उजवीकडे आवाज दबलेला, जसं कोणी तोंडावर पदर धरून बोलतं आहे. मला वाटलं टोपी बसली नाही. मोठी लावून बघितली, लहान लावून बघितली, फरक नाही. आदिलाबादच्या ज्या व्यापाऱ्याकडून मी माल आणते त्याला फोन केला आणि डबा परत पाठवला. त्याने मुकाट्याने दुसरा पाठवला. त्यातही तेच, म्हणून तोही परत केला, तर तिसराही तसाच निघाला. गिऱ्हाइकांना मी सांगायला लागले, हा घेऊ नको, उजवीकडचं कमी वाजतं. एकदोघं म्हणाली, नाई वो, मले तं सारखंच येऊन राह्यलं. मी त्यांना हसले. म्हटलं, तुमाले सवय नाई ऐकायची.

तिसरा डबा घेऊन मी स्वतःच बसने आदिलाबादला गेले. भांडायच्याच तयारीने गेले होते. व्यापारी चांगला माणूस आहे, हिंदीत बोलतो. त्याने माझ्यासमोर डबा उघडला, एकेक नग स्वतःच्या कानात घालून ऐकला. मग त्यातला एक माझ्या हातात देऊन म्हणाला, "दीदी, अब उलटा पहनो. इधर का उधर."

मी डावीकडचा दाणा उजव्या कानात घातला आणि उजवीकडचा डाव्यात. गाणं तेच चालू होतं. उजवीकडे अजूनही कमीच वाजत होतं.

मी दोनदा अदलाबदल केली. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या कपाटातले डबे सारखे करत होता. मग त्याने चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत दुसऱ्याच मालाविषयी बोलत राहिला. निघताना फक्त विचारलं, माल ठेवून घेऊ की घेऊन जाता. मी म्हटलं, घेऊन जाते. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. शेजारच्या बाईने दोनदा काही विचारलं. मी हं म्हटलं. हं म्हणून झाल्यावर मला ऐकू आलं, की ते तुझं हं होतं.

माय, तुझा उजवा कान गेलेला आहे असं आपल्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. बहिरी हा शब्द कोणी उच्चारला नाही, कारण कोणाला ते खरंच वाटत नव्हतं. बहिरी माणसं ओरडून बोलतात, तू तर इतकी हळू बोलायचीस की बापालाच दोनदा विचारावं लागायचं. आणि बाजाराच्या दिवशी तू मेथी-पालकाच्या जुड्या मांडून बसलीस, की सगळं ऐकू यायचं तुला. शेजारी टेम्पोचं इंजिन चालू, पलीकडे लाऊडस्पीकर, मराठीत, तेलुगूत, उर्दूत भाव चाललेले, आणि तू कोणाचाही प्रश्न एकदाही परत न विचारता उत्तर द्यायचीस. तेच सांजेला घरी, सगळं शांत असताना, बाप पाणी मागायचा आणि तू चुलीकडे बघत भाकरी थापत राहायचीस. आजी म्हणायची, "बाजारात बरं ऐकू येते हिले. घरातच कान जाते." सासरच्यांचा अपमान करायला ही मुद्दाम असं करते, हे तिने सगळ्यांना पटवून दिलं होतं. बापाला पटलं होतं. मलाही पटलं होतं. तू कधी भांडली नाहीस. भाकरीचा हात धुऊन पाणी नेऊन द्यायचीस.

पण मला एक जास्तीचं कळलं होतं, जे मोठ्यांना कळलं नव्हतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुझ्या उजव्या बाजूला बसून काही सांगितलं, की तू हं म्हणतेस, आणि त्या हंचा अर्थ काहीच नसतो. मग मागून मला म्हणता येतं, तुला विचारलं होतं माय, तू हो म्हटलं. ओढ्यावर जायची परवानगी मी अशीच काढली. चिंचा पाडायला जायची पण. मला तो खेळ वाटायचा. हा कान खरंच ऐकत नाही, याचा त्याहून मोठा पुरावा कोणता असणार होता. पण मी तो कोणाला दाखवला नाही, कारण माझी सोय गेली असती.

मग ते बुधवारचं झालं. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं, की बोथच्या शाळेत कानाचे डॉक्टर येणार आहेत, ज्यांच्या घरी कोणाला कमी ऐकू येतं त्यांनी त्यांना घेऊन यावं. ज्यांचं जास्त बिघडलेलं असेल त्यांना सरकारी जीपने आदिलाबादला नेणार होते. सर माझ्याकडे बघून म्हणाले, तुझ्या आईला आण. त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे, एकदा ते भाजी घ्यायला आले होते तेवढंच. पण त्याच बुधवारी आपल्याला बाजारहत्नूरला मामाच्या घरी बारशाला जायचं होतं आणि मामीने माझ्यासाठी फ्रॉक शिवून ठेवला होता. तो फ्रॉक मला बुधवारीच हवा होता.

तू अंगणात मेथी निवडत बसली होतीस. मी आले, तुझ्या डाव्या बाजूला जागा होती. मी वळसा घालून उजवीकडे बसले. साध्या आवाजात सांगितलं, बुधवारी शाळेत कानाचा डॉक्टर येणार आहे, सरांनी तुला बोलावलं आहे. तू जुडी बांधत हं म्हणालीस.

आपण बारशाला गेलो. फ्रॉक पिवळा होता. गुरुवारी सरांनी विचारलं तर मी म्हटलं, सांगितलं होतं सर, ती आली नाही. सरांना वाईट वाटलं असावं, त्यांनी बापाला रस्त्यात गाठून सांगितलं. बापाने घरी येऊन सगळ्यांसमोर तुला खूप बोलून घेतलं, डॉक्टर बोथपर्यंत आला तरी हिला भावाच्या घरी जायची हौस. आजीने मान हलवली. तुला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा तू बापाकडे न बघता माझ्याकडे बघितलंस.

"मले सांगतलं होतं तू?"

"हो माय. तू हं म्हटलं."

तू जरा वेळ विचार केलास. मला अजून दिसतंय, पदराला पुसता पुसता तुझे हात थांबले आहेत आणि तू आठवून बघते आहेस, खरंच आठवून बघते आहेस.

"म्हटलं असन," तू म्हणालीस, आणि चूल पेटवायला गेलीस.

यंदा मी आदिलाबादच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. घरी सांगितलं, माल आणायला चालले. बाई तरुण आहेत, तेलुगू बोलणाऱ्या, माझ्याशी हिंदीत बोलल्या. त्यांनी एका बंद खोलीत मला मोठे हेडफोन घालून बसवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. डाव्या कानाला मी भराभर दाबत होते. उजव्याला हात नुसताच बटणावर राहिला. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का. मी म्हटलं, माझ्या आईला. तिला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. माय, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

त्यांनी विचारलं, त्या हळू बोलायच्या का. मी म्हटलं हो. गडबडीत जास्त चांगलं ऐकू यायचं का. मी म्हटलं, बाजारात सगळं यायचं, घरात नाही. बाळंतपणानंतर वाढलं का, त्यांनी विचारलं, आणि मला माझ्या धाकट्या भावाच्या जन्मानंतरचं वर्ष आठवलं, त्याच वर्षी आजीची तक्रार सुरू झाली होती. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कानात आत खोल एक तांदळाएवढं हाड असतं, ते काही घरांत पिढीजात आखडत जातं, आणि बायकांना हा त्रास जास्त होतो. असल्या कानाला स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून माणूस हळू बोलतं. आणि बाजारात सगळे ओरडून बोलतात, ते ओरडणं त्याला पोचतं, पण भोवतीचा गोंगाट तेवढा पोचत नाही. म्हणून गर्दीत बरं वाटतं. तुला एकदाही न बघता ती बाई तुझंच सांगत होती. ज्या गोष्टीसाठी आजीने तुला खोटी ठरवलं, ती तुझ्या आजाराची खूण होती.

मी विचारलं, तेव्हा दाखवलं असतं तर. त्या म्हणाल्या, ऑपरेशन तेव्हाही होत होतं, पुष्कळ जणींना चांगलं ऐकू यायला लागायचं, पण नक्की कोणाचं काय झालं असतं ते सांगता येत नाही. मला वाटतं, माझं तोंड बघून, मला धीर द्यायला त्यांनी शेवटचा भाग जोडला.

माझं ऑपरेशन पुढे करायचं ठरलं आहे. तोवर कानात एक लहानसं यंत्र दिलं आहे. ते बसवणाऱ्या मुलीने मधली टोपी लावली, तर मी तिला म्हटलं, ही सैल आहे, मोठी दे, नाही तर शिटी वाजेल. ती म्हणाली, तुम्हाला कसं कळलं. त्यावर आम्ही दोघी हसलो. घरी आता सगळ्यांना माहीत आहे. मुली उजवीकडून बोलताना माझ्या खांद्याला हात लावतात, मी वळते, मग बोलतात. कोणी शिकवलं नाही त्यांना. नुसतं सांगितलं, तेवढ्याने झालं. परत पाठवलेल्या दोन डब्यांसाठी व्यापाऱ्याची माफी मागितली, तर तो म्हणाला, ते केव्हाच विकले गेले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. तुला वाचताही येत नव्हतं. मामाची पत्रं यायची ती मीच तुला वाचून दाखवायचे, आणि तेव्हा मात्र तुझ्या डाव्या बाजूला, अगदी कानाशी बसायचे. तू असतीस तर हेही मीच वाचलं असतं. दुकानाचं वाचलं असतं, व्यापाऱ्याचं वाचलं असतं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तर दोनदा वाचलं असतं. आणि खरं सांगते माय, बुधवारचं आलं असतं तेव्हा मी न वाचता पान उलटलं असतं.